डोकं हललं म्हणून टाकून दिलेले स्कॅन

स्किझोफ्रेनियात हालचाली का बिघडतात, हे मेंदूच्या स्कॅनवरून शोधायचं, हे माझं काम. मी बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून त्यात आलो. एमआरआयची फाइल कॉम्प्युटरवर उतरली की आपलं काम सुरू, अशी तेव्हा माझी समजूत होती. पेशंट हा खालच्या मजल्यावरचा विषय.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की भास आणि संशय एवढंच लोकांना आठवतं. पण चालताना हात न हलणं, शर्टाची बटणं लावता लावता मध्येच थांबणं, जीभ-जबडा आपोआप हलत राहणं, हेही त्यातच येतं. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." डॉक्टर म्हणतात, औषधाचा परिणाम. बऱ्याचदा तो असतोही. पण जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कालबाउम यांनी कॅटाटोनियावर, म्हणजे माणूस जागच्या जागी थिजून जातो त्या अवस्थेवर, पुस्तक लिहिलं १८७४ साली, आणि क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचं पहिलं औषध मानसोपचारात आलं १९५२ मध्ये. म्हणजे सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. आजार किती आणि औषध किती, हे वेगळं करणं हीच या कामातली खरी डोकेदुखी. म्हणून प्रत्येकाचा डोस क्लोरप्रोमाझिनच्या मापात बदलून, म्हणजे तो किती क्लोरप्रोमाझिनच्या बरोबरीचा ते काढून, लिहून ठेवावा लागतो.

आता माझी चूक सांगतो. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो हे दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडू शकतात. मी नियम लावला: जास्त हललेले स्कॅन बाद. आलेख छान स्वच्छ आला. आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बाद झालेले कोण आहेत?" यादी काढली, तर ज्यांच्या हालचाली सगळ्यात जास्त बिघडलेल्या होत्या नेमके तेच त्यात होते. हालचालींचा अभ्यास करायला निघालेलो मी, त्यांनाच गाळून बसलो होतो.

त्यानंतर मी खाली जाऊन बसायला लागलो. स्कॅनआधी धातू काढायला सांगतात. मंगळसूत्र, जोडवी लोकांच्या लक्षात असतात, करदोट्यातली किल्ली मात्र कुणालाच आठवत नाही. तीन टेस्ला इतक्या ताकदीच्या चुंबकाच्या मशीनपाशी हे विसरून चालत नाही. एका काकांना टेबलावर बोटं टपटपवायचा सराव दिला. पहिले चार-पाच ठोके ठीक, मग लय हळूहळू विझत गेली. हे मी फाइलमध्ये कधीच पाहिलं नव्हतं. मशीनचा आवाज आधी मोबाइलवर ऐकवला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट फोम लावला आणि एका लांब स्कॅनचे छोटे तुकडे केले, तेव्हा त्यांचा डेटा वापरण्याजोगा आला.

नव्यानं येणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञ सेबास्टियन वाल्थर यांच्या गटानं स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात केलेलं काम आधी वाचावं. ते एएसएल नावाची एमआरआयची पद्धत वापरतात, तिच्यात इंजेक्शन लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकानं खूण करतात आणि मेंदूत कुठे किती रक्त पोचतं ते मोजतात. कॅटाटोनिया असलेल्या पेशंटमध्ये त्यांना सप्लिमेंटरी मोटर एरियात रक्तप्रवाह वाढलेला दिसला. शरीर थिजलेलं आणि हालचालीची तयारी करणारा भाग मात्र जोरात! मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नव्हतं. पुढे त्यांनी त्याच भागाला शांत करणारं चुंबकीय उद्दीपन देऊन पाहिलं आणि सुरुवातीच्या चाचण्यांत मंदपणा कमी झाल्याचं दिसलं.

स्कॅनमधले आकडे काढायची एसपीएम आणि एफएसएल ही सॉफ्टवेअर आहेत, त्यातलं एक काहीतरी नीट शिका. संशोधनासाठी दोन्ही फुकट आहेत. ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या वेबसाइटवर यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाचा खुला डेटा आहे, त्यात स्किझोफ्रेनियाचे ५० पेशंट आहेत, घरबसल्या हात साफ होतो. कॅटाटोनिया मोजायच्या बुश-फ्रान्सिस मापनपट्टीतले २३ मुद्दे मात्र वाचून येत नाहीत, जाणत्या डॉक्टरशेजारी उभं राहूनच शिकावे लागतात. फिजिओथेरपी किंवा मानसशास्त्राची मुलं इथे आम्हा इंजिनिअरांना सहज मागे टाकतात.

पगाराचं विचाराल तर प्रोजेक्ट असेपर्यंत असतो.

आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक स्कॅन नंबरसमोर एक ओळ असते: दारापासून खुर्चीपर्यंत कसे चालत आले.