चिंचोळ्या आळीत झाडं कशी लावावीत

रत्नागिरी घ्या, मालवण घ्या नाहीतर अलिबाग. जुन्या आळीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, मध्ये बारा-पंधरा फुटांचा रस्ता, कडेला गटार आणि डोक्यावर विजेच्या तारा. अशा ठिकाणी झाड लावायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, जागा कुठे आहे? जागा गडग्याच्या आत आहे. सावली रस्त्यावर पडली म्हणजे झालं, बुंधा कुणाच्या का अंगणात असेना. रस्त्यातच खड्डा मारायचा हट्ट सोडला की निम्म्या अडचणी सुटतात.

आधी आळीतून एक फेरी मारा

वही घेऊन निघा. विजेचे खांब, तारा कुठल्या बाजूने जातात, नळाची लाइन, गटाराची झाकणं, वळणं, सगळं कागदावर उतरवा. नळाची लाइन नेमकी कुठून गेली आहे हे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. ऊन दुपारी कुठल्या भिंतीवर तापतं तेही बघून ठेवा. झाडाची खरी गरज तिथे आहे. आळी पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेच्या बाजूला लावलेल्या झाडाची सावली वर्षातले बरेच महिने रस्त्यावर येते.

मग घरोघर जा. गडग्यापासून आत तीन-चार फूट जागा सोडणार का, एवढंच विचारायचं. गडग्याला अगदी चिकटून लावू नका, बुंधा जाडावला की चिरे सरकतात. "पानं कोण झाडणार?" असं एखाद्या काकींनी विचारलं तर ते टाळू नका, कारण तो रास्त प्रश्न आहे आणि रोज सकाळी झाडू त्यांच्याच हातात असतो. कोण झाडणार, पाला कुठे टाकणार, हे रोप आणायच्या आधी ठरवा. तो पाला झाडाच्याच बुडात घालता येतो.

रस्त्याच्या कडेलाच लावायचं असेल तर एकच बाजू धरा, तारा नसलेली. बुंध्याभोवती किमान तीन फूट बाय तीन फूट माती उघडी राहिली पाहिजे. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट त्याच्या बाहेर. ती जागा नगरपरिषदेची असते, म्हणून लेखी परवानगी घ्या. एकदा झाड उभं राहिलं की १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू असतो, नंतर ते नको झालं म्हणून मनाने तोडता येत नाही. जागा आधीच नीट निवडायची ती यासाठी.

कुठलं झाड?

माझी पहिली पसंती बकुळीला. बारमाही हिरवी, माथा दाट आणि आटोपशीर, खाली फुलं पडली तर मुली वेचून नेतात. वाढ सावकाश होते, पण चिंचोळ्या आळीत तोच तिचा गुण आहे. समुद्राच्या अगदी तोंडावर, खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात अशा ठिकाणी, भेंड किंवा उंडी लावा. दोन्ही किनाऱ्याचीच झाडं. उंडीची गोल टणक फळं पायाखाली येतात, म्हणून तिला कोपरा द्या. ताम्हण हे राज्याचं फूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं आणि पावसाचं पाणी सोसतं. सुरंगीला घाई चालत नाही. आत मोठं अंगण असेल तर तिथे लावा. दोन घरांच्या सावलीत, ओलाव्याला सीतेचा अशोक छान येतो.

तारांखाली उंच जाणारं काही नको, तिथे जास्वंद किंवा कण्हेर पुरे.

गुलमोहर लावू नका. लवकर वाढतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर गेलं. असा वारा पुन्हा येणार हे धरूनच झाड निवडायला हवं. वड-पिंपळ आळीत मावत नाहीत. नारळ रस्त्यावर झुकेल असा लावू नये, खालून माणसं जातात. कॉनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर आणूच नका, गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

खड्डा

इथे घाई केली तर सगळं वाया. खड्डा मे महिन्यातच मारा, दोन फूट लांब-रुंद-खोल. फूटभर माती गेली की पहार जांभ्यावर ठणकन आदळते. तिथे थांबून बशीसारखा उथळ खड्डा ठेवला तर पावसाळ्यात तो हौद होतो. कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. मुळं उन्हाने जातात तशी तुंबलेल्या पाण्यानेही कुजतात. म्हणून खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तळाचा कातळ आणखी फोडा. तरीही जिरत नसेल तर जागा बदला.

भरताना चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला. आपल्या मातीत वाळवी फार, ताजं शेण घातलं तर तिला आमंत्रणच.

रोप आणि लागवड

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. पाच-सहा फुटी, सरळ एका शेंड्याचं रोप घ्या. पिशवीखालून जाड मूळ जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप ठेवून द्या. मृगाचा पाऊस नीट लागला, माती खोलवर भिजली, की लावा. पिशवी ब्लेडने उभी चिरा. आत मुळं गोल गोल वळलेली दिसली तर बोटांनी मोकळी करून सरळ पसरा. तशीच पुरली तर वाढता वाढता एकमेकांना आवळतात आणि मोठं झालेलं झाड वादळात बुडातून उलटतं.

रोप पिशवीत होतं तेवढंच खोल बसवा, आणि माती वर उंचवटा करून ओढा, म्हणजे पाणी बुंध्याशी साचणार नाही. आळं आता नाही, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करायचं. आधाराला चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, दोन काठ्या, मुळांपासून लांब ठोकलेल्या, आणि सुंभाची सैल गाठ, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, म्हणजे साल घासत नाही. गुरांसाठी बांबूच्या कांबींचा पिंजरा लोखंडी जाळीहून बरा. बुंधा जाडावला की तो काढायला विसरू नका.

पुढची तीन वर्षं

दिवाळीपासून पावसापर्यंत पाणी हवं. एका घराने एक झाड, चार दिवसांनी दोन कळशा, सावकाश ओतलेल्या. आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, मांडा, ओल टिकते.

खालच्या फांद्या लहान असतानाच, हिवाळ्यात, दरवर्षी थोड्या थोड्या काढत माथा वर न्या. शिमग्याला पालखी नाचत जाते, गॅसचा टेंपो आणि रुग्णवाहिकाही इथूनच जाते. रस्त्यावर बारा-तेरा फूट उंचीपर्यंत मोकळं हवं. मे महिन्यात वायरमन तारांजवळच्या फांद्या तोडायला येतात तेव्हा आळीतल्या कुणीतरी बरोबर उभं राहा. फांदी मध्येच खुंटावर न तोडता, जिथून फुटली तिथल्या फुगीर कड्याला लागून, तो कडा न दुखवता काढायला सांगा. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धी चीर, मग वरून, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलून नेते.