नोटपॅड प्लस प्लसमधले मॅक्रो आणि शॉर्टकट: या चुका टाळा

मराठी मजकूर साफ करण्याचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, ते आज ना उद्या नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरपाशी येतात. फुकट, हलका, युनिकोड नीट सांभाळणारा, आणि मेनूत मॅक्रो, म्हणजे एकदा केलेल्या कृती नोंदवून पुन्हा चालवता येणारी साखळी, रेकॉर्ड करायची सोय. ती सोय दिसली की नव्या माणसाचा हात शिवशिवतो. दहा मिनिटांत पाच मॅक्रो, प्रत्येकाला एक शॉर्टकट, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन: "सर, फाइल बिघडली." फोन वेगळे असतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो: जे दिसत नाही ते सगळं कचरा समजणं.

पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं येतात, हे खरं. शोधताना ती आडवी येतात, हेही खरं. एका दिवाळी अंकाच्या मांडणीत मदतीला आलेल्या मुलाने यावर जालीम उपाय काढला. अशी झाडून सगळी चिन्हं शोधून त्यांच्या जागी काहीच न ठेवण्याचा मॅक्रो रेकॉर्ड केला, त्याला एक शॉर्टकट दिला आणि अंकाचे लेख एकामागून एक उघडून धडाधड चालवला. सेव्ह केलं, बंद केलं, चहा प्यायला गेला.

मुद्रितं आली तेव्हा लग्नाच्या जेवणावळींवरच्या लेखात आचार्यांनी मोठाल्या कढया चुलीवर चढवल्या होत्या. गिर्यारोहणाच्या लेखात सह्याद्रीत खोल दर्या होत्या. संपादकबाईंना आधी वाटलं लेखकांनीच घोळ घातला. घोळ मॅक्रोचा होता. 'आचाऱ्यांनी' आणि 'दऱ्या' यांतला य-आधीचा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे युनिकोडचं २००डी हे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्या रीतीतलं २००डी काढलं की उरतो नुसता र आणि हलन्त, म्हणजे सरळ रफार. आचारी आचार्य झाले, दरीचा दर्या झाला. शुद्धलेखन तपासनीसही गप्प, कारण नवे शब्दही शुद्धच.

उलटा मॅक्रो चालवून सगळे 'र्या' पुन्हा 'ऱ्या' करावेत, ही त्या मुलाची पुढची सूचना. त्याच अंकात कोकण किनाऱ्यावरचा लेख होता आणि त्यात खराखुरा दर्या होता, दर्यावर्दी होते, शिवाय एका कथेची नायिका भार्या होती. शेवटी लेखकांच्या मूळ ईमेलमधून लेख परत काढले आणि तोवर केलेल्या सगळ्या दुरुस्त्या हाताने पुन्हा घातल्या. आठवडा गेला.

माझी सवय सांगतो. फाइल आली की पहिला बदल एकच: 'र, हलन्त, २००डी' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त'. यात 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा' हेही सावरतात. मग २००बी, म्हणजे शून्य रुंदीची जागा, बेलाशक उडवा. २००सीला, म्हणजे जोडणी तोडणाऱ्या अदृश्य चिन्हाला, मात्र हात लावू नका, 'वाङ्‌मय'मधला पाय मोडलेला ङ त्याच्याच जोरावर उभा असतो. 'व्ह्यू' मेनूत न छापली जाणारी चिन्हं दाखवायची सोय नव्या आवृत्त्यांत आहे, ती चालू ठेवून काम करा. आणि स्वतः टाइप करताना इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून थेट ऱ काढा, म्हणजे २००डीची गरजच पडत नाही. चार दिवसांत बोटांना सवय होते, पण चार दिवस थांबायला कोण तयार आहे?

दुसरी आवडती चूक बाणांची. ओळीतल्या तिसऱ्या अक्षरापुढे काही घालायचं म्हणून लोक रेकॉर्डिंग चालू करून उजवा बाण मोजून दाबतात. मॅक्रो मुकादमासारखा असतो; सांगितलेलं मोजून करतो, ओळीत काय आहे ते बघत नाही. देवनागरीत तर हे मोजणं मुळातच फसवं. 'क्षे' दिसायला एक अक्षर, आत चार कोड: क, हलन्त, ष, मात्रा. पुढच्या ओळीत 'का' असेल तर तुमचा कर्सर भलतीकडेच थांबणार. बाण मोजू नका. रेकॉर्डिंगच्या आतच शोध घ्या आणि सापडलेल्या जागेवर काम करा.

होम कळही तशीच लबाड आहे. पहिल्यांदा दाबली की ती ओळीतल्या पहिल्या अक्षरापाशी जाते. कर्सर आधीच तिथे असेल तर मात्र अगदी कडेला. म्हणून मी प्रत्येक मॅक्रोची सुरुवात एन्ड, होम, होम अशी करतो. कर्सर कुठेही असला तरी कडेलाच येतो. आणि शेवट खाली-बाण दाबून, पुढच्या ओळीवर. तो खाली-बाण नसेल तर 'फाइलच्या शेवटापर्यंत चालवा' म्हटलं तरी मॅक्रो त्याच ओळीत घुटमळतो, आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

रेकॉर्डिंग चालू असताना माउसला हात लावू नका. क्लिक नोंदवला जात नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे चिन्हांना खास अर्थ देणारा शोधाचा प्रकार, चालू राहिलं (त्यात पूर्णविराम म्हणजे कोणतंही अक्षर) आणि तुम्ही पूर्णविराम शोधून बदललात, तर फाइलमधलं प्रत्येक अक्षर बदलेल. शोधाचा प्रकारही मॅक्रोत रेकॉर्ड होतो, त्यामुळे ही चूक दर वेळी इमानेइतबारे परत होते.

आता शॉर्टकट. कंट्रोल-आल्ट ही जोडी मोकळी दिसते म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडतात. विंडोजमध्ये उजवं आल्ट ज्या कीबोर्डांवर जादा चिन्हं देतं, तिथे विंडोज त्याला कंट्रोल-आल्टच समजतं. इंग्लिश-इंडिया कीबोर्डवर रुपयाचं ₹ चिन्ह उजवं आल्ट आणि ४ यांनी येतं. त्याच जोडीवर मॅक्रो बसवलात की हिशेबाच्या तक्त्यात ₹ ऐवजी मॅक्रो चालणार. इन्स्क्रिप्टवाल्यांनी कंट्रोल-शिफ्ट-१ आणि २ हेही सोडावेत, जोडचिन्हं तिथेच असतात.

कंट्रोल-डी, कंट्रोल-एल असल्या आधीच वापरात असलेल्या जोड्या बळकावण्याआधी शॉर्टकट बदलायच्या 'शॉर्टकट मॅपर' या खिडकीच्या तळाशी झगडा दाखवणारी ओळ असते, ती वाचा. वाचत कुणीच नाही. माझे स्वतःचे शॉर्टकट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. महिन्यातून एकदा लागणारं काम मी मेनूतून करतो.

रेकॉर्ड थांबवलेला मॅक्रो नाव देऊन सेव्ह केला नाही, तर प्रोग्रॅम बंद होताच तो गेला.

सगळे मॅक्रो आणि शॉर्टकट 'शॉर्टकट्स डॉट एक्सएमएल' या एकाच फाइलीत राहतात. ती हाताने बदलायची असेल तर नोटपॅड प्लस प्लस पूर्ण बंद करून विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडा. चालू असताना बदललीत तर बाहेर पडताना तो तुमच्या बदलांवर आपलं जुनं लिहून टाकू शकतो. त्याआधी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, नवीन मशीनवर तीच लागते.