औषधी मच्छरदाणी टिकवायची तर आधी घर बघा

गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या गावांमध्ये सरकार औषधी, म्हणजे जाळीत डास मारणारं औषध असलेल्या, मच्छरदाण्या फुकट वाटतं. एकाच गठ्ठ्यातल्या दोन मच्छरदाण्या शेजारच्या दोन घरांत जातात. दोन पावसाळे सरले की एका घरातली धड असते आणि दुसरीकडची कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेली. लोक म्हणतात, माल खराब होता. कधी असेलही. पण बहुतेक वेळा फरक घराचा असतो: चूल कुठे आहे, धान कुठे ठेवलंय, बाजेचे खिळे किती वर आलेत. म्हणून मच्छरदाणीचं पाकीट फोडायच्या आधी थोडं काम आहे.

१. हातात फडकं घेऊन फेरी मारा

जुन्या लुगड्याचा पातळ तुकडा घ्या आणि बाजेच्या चारही कडांवरून सावकाश फिरवा. फडकं जिथे अडकेल तिथेच उद्या मच्छरदाणी फाटणार. खिळा ठोकून आत घाला, कुसळं निघालेलं लाकूड घासा, नाहीतर त्या जागी चिंधी गुंडाळा. मग तेच फडकं भिंतीवरून फिरवा. कुडाच्या भिंतीचा लिंपा पडला की बांबूच्या कामट्या बाहेर येतात, आणि झोपेत कूस बदलली की जाळी नेमकी त्यांच्यावर घासते. एवढी जागा माती-शेणाने लिंपून घेतली की झालं.

चूल झोपायच्याच खोलीत असेल तर मच्छरदाणी तिच्यापासून होईल तितकी लांब लावा. तिचा धागा प्लास्टिकच्या जातीचा असतो, ठिणगी पडली की वितळतो. ढिबरी किंवा मेणबत्ती मच्छरदाणीच्या आत कधीच नको.

धानाची कणगी उशाशी असेल तर उंदीर येणारच. कणगी हलवणं दरवेळी जमत नाही, हे मान्य. पण पोरांनी मच्छरदाणीत बसून मुरमुरे खाणं तर थांबवता येईल!

२. एक दिवस सावलीत वारा द्या

पाकिटातून काढलेली मच्छरदाणी दिवसभर सावलीत पसरून ठेवा, उन्हात नाही. त्यातलं डास मारणारं औषध (डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिन) उन्हाने कमजोर होतं. सुरुवातीला डोळे चुरचुरले किंवा शिंका आल्या तर घाबरू नका, थोड्या दिवसांत ते थांबतं. रिकामं पाकीट धान्य भरायला वापरू नका.

३. टांगताना ढील ठेवा

चार कोपऱ्यांना चार सुतळ्या. ताणून बांधली की सगळा भार कोपऱ्याच्या शिवणीवर येतो आणि रात्री कोणी उठलं की शिवण उसवते. थोडी ढिली राहू द्या. पण झोपलेल्याचं अंग जाळीला टेकायला नको, कारण डास बाहेरूनही चावू शकतो. कडा चटईखाली किंवा गोधडीखाली खोचा. जमिनीवर झोपणाऱ्या घरात खालचा वीतभर भाग सगळ्यात आधी जातो, म्हणून चटईखालची जमीन सारवून सपाट ठेवा.

साधारण दोन माणसांमागे एक असा हिशोब धरा. पाच माणसांत दोनच असतील तर खेचाखेच होते, आणि त्या खेचाखेचीतच जाळी फाटते. आशाताईंना तसं सांगा. धान राखायला शेतात झोपणाऱ्याचीही मोजा. त्यालाच जास्त गरज असते आणि नेमका तोच विसरला जातो.

४. सकाळी वर बांधा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच. उठल्यावर जाळी सैल गुंडाळून वरच्या दोरीला अडकवून टाका. दिवसभर खाली लोंबत राहिली तर पोरं झोके घेतात, शेळी ओढते, कोंबडी पंजा अडकवते. घडी करून पेटीमागे कोंबली तर उंदराला आयतं बिऱ्हाड मिळतं.

५. धुणं कमी करा

स्वच्छतेची सवय इथे नडते. अशा मच्छरदाणीचं औषध साधारण २० धुण्यांपर्यंत आणि घरच्या वापरात ३ वर्षं टिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. दर आठवड्याला धुतली तर २० धुणी पाच महिन्यांत संपली. तीन महिन्यांतून एकदा धुतली तर वर्षाला चारच. आता ज्या घरात चुलीचा धूर कोंडतो तिथे जाळी महिन्याभरात काळी पडते आणि हात शिवशिवतात. काळी दिसते म्हणून धुवू नका, नुसती झटका.

धुवायचीच तर घमेल्यात थंड पाणी आणि साधा साबण. दगडावर आपटणं, ब्रशने घासणं, सोडा, ब्लीचिंग पावडर, गरम पाणी हे काही नको. वाळवायची सावलीत. नाल्यावर किंवा तळ्यावर नेऊ नका, हे औषध माशांना फार विषारी असतं. धुतलेलं पाणी विहीर-नाल्यापासून लांब खड्ड्यात ओता.

६. भोकं मोजा, आणि वाचाही

दर दोन-तीन महिन्यांनी मच्छरदाणी उजेडासमोर धरा. गोल भोक आणि काठ कडक झालेला असेल तर ती चुलीची ठिणगी. काठ कुरतडलेले असतील तर उंदीर. लांब सरळ चीर म्हणजे खिळा किंवा कामटी. कारण कळलं की आधी ते काढा, मग सुई हातात घ्या.

तपासणीला येणारे लोक भोकं अशी मोजतात: अंगठाही जाणार नाही अशा लहान भोकाला १ गुण, अंगठा जाईल पण मूठ नाही त्याला २३, मूठ जाईल पण डोकं नाही त्याला १९६ आणि डोक्याहून मोठ्याला ५७६. बेरीज ६४ पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली, ६४२ च्या वर गेली तर निकामी. म्हणजे अंगठ्याहून लहान वीस भोकं चालतील, पण अंगठा जाईल अशी तीन झाली की बेरीज ६९. म्हणून भोक लहान असतानाच टाका घाला. साधा दोरा चालतो. मोठ्या भोकाला जुन्या मच्छरदाणीचं ठिगळ लावा. दोऱ्याचंही कुठे जमत नसेल तर भोकाभोवतीची जाळी चिमटीत धरून गाठ मारा. दिसायला वाईट, पण डास आत येत नाही.

थोडी फाटलेली औषधी मच्छरदाणीही साध्या नव्या मच्छरदाणीसारखी नुसती आडोसा नसते. औषध शिल्लक असेल तर जाळीवर बसलेला डास मरतो. त्यामुळे नवी मिळेपर्यंत जुनी काढू नका.

७. निकामी झाल्यावर

जाळू नका. मासे धरायला तर नकोच: औषध पाण्यात जातं आणि एवढ्या बारीक जाळीत माशांची पिल्लंही सापडतात. अन्नावर झाकायलाही नको. परसातल्या वांग्या-टमाट्यांच्या वाफ्याभोवती कुंपण म्हणून चालेल. फक्त त्याआधी नवी मच्छरदाणी बाजेवर लागलेली असली पाहिजे.