माणदेशाच्या माळावर गाडी घालण्याआधी

दहिवडी-म्हसवड पट्ट्यातला माळ लांबून मोकळा दिसतो, पण बिनमालकाचा नसतो. म्हणून मी आदल्या रात्री त्या गटाचा सातबारा ऑनलाइन बघतो. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत विचारतो. वनविभागाचं नाव दिसलं की परवानगीशिवाय चाक घालत नाही. राखीव वनात असं घुसणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

मोबाइलचा नकाशा जुनी गाडीवाट दाखवतच राहतो. दोन वर्षांपूर्वी मी तसाच गेलो, तर वाटेत पाणी अडवायचे आडवे समतल चर खणलेले. पुढचं चाक चरात आणि बाभळीचा काटा मागच्या चाकात! एका मेंढक्याने मेंढरं सोडून जॅक लावायला हात दिला. "पाव्हणं, आधी इचारायचं की," एवढंच म्हणाला. तेव्हापासून नकाशाआधी मेंढका.

दगडी, मुरमाड वाटेवर टायरची हवा ३२ वरून २४ पीएसआयपर्यंत उतरवा. डांबरीवर येताना परत भरायला पंप हवाच. पाऊस झालेल्या काळ्या रानात गाडी नेऊच नका. चिखल टाळायला बाजूने नवी चाकोरी पाडू नका. टिटवी, चंडोल माळावर जमिनीवरच अंडी घालतात, आणि पुढच्या पावसात त्याच चाकोरीचा ओघळ होतो.

पश्चिमेला कोयना-चांदोलीकडे हा खेळ नकोच. २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीतून बोट, वनविभागाची परवानगी आणि पुढे पायी. पावसाळ्यात तेही बंद.