पूरपट्ट्यातील घराचा धोका कसा ओळखावा आणि विमा कसा घ्यावा

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. येथील पूर हळूहळू चढतो, सपाट शिवारात पसरतो आणि कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फूग येऊन, म्हणजे तिचे पाणी मागे तुंबून, ते उतरायला कित्येक दिवस लागतात. त्यामुळे घर वाहून जाण्यापेक्षा मातीच्या भिंती भिजून बसण्याची भीती येथे मोठी आहे, आणि धोक्याचा व विम्याचा विचार याच भीतीपासून सुरू करावा.

प्रथम नदीच्या पातळीचे आकडे आपल्या उंबरठ्याशी जोडून घ्यावेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी तेथे ५५ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे त्या बंधाऱ्याचे आहेत, आपल्या घराचे नव्हेत. म्हणून घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते विचारावे, भिंतीवरची गाळाची रेघ शोधावी, उंबरठ्यापासून तिची उंची टेपने मोजावी आणि त्या दिवशी जवळच्या बंधाऱ्यावर किती फूट पाणी होते ते वहीत शेजारी लिहावे. गावाबाहेर पडणारा रस्ता किती फुटांना बंद होतो, हेही त्याच वहीत हवे. कारण घराआधी रस्ता पाण्याखाली जातो आणि जनावरे अडकतात ती तेव्हाच.

त्यानंतर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा पाहावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षे निर्धास्त, असा मुळीच नाही. लाल रेषेवरच्या घराला दर वर्षी १ टक्का धोका असतो आणि ३० वर्षांचा हिशेब केला तर तो सुमारे २६ टक्के होतो. निळ्या रेषेवर तोच हिशेब ७० टक्क्यांवर जातो. गृहकर्ज फेडण्याच्या मुदतीत एवढा धोका असेल, तर विम्याचा हप्ता वायफळ खर्च म्हणता येणार नाही.

घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असून तीत पूर आणि पाणी साचून होणारे नुकसान येते. विमा रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नये. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्रफळ) आणि आजचा दर चौरस फुटाचा बांधकाम खर्च यांचा गुणाकार करावा. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. घर कच्चे किंवा मातीचे असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावे आणि ते मान्य असल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. ही गोष्ट तोंडी बोलण्यावर कधीही सोडू नये. हे सारे मे महिन्यातच उरकावे, पाणी पात्राबाहेर पडल्यावर विमा मिळण्याची आशा धरू नये.

जनावरांचा विमा वेगळा असतो आणि त्यात कानातला बिल्ला हाच मुख्य पुरावा असतो; तो पडला असेल तर लगेच कळवून नवा मारून घ्यावा. मोटारसायकलला केवळ थर्ड पार्टी विमा (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) असेल तर पुरात झालेले तिचे नुकसान भरून मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर सर्वांत मोठी चूक घडते ती साफसफाईच्या घाईत. घर धुण्याआधी कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा, प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत आणि गाळाच्या रेघेशी टेप धरून तिची उंची दिसेल असा एक फोटो अवश्य घ्यावा. भिजलेल्या गाद्या, फ्रीज, धान्याची पोती कंपनीचा नुकसान तपासणारा सर्वेक्षक येईपर्यंत टाकून देऊ नयेत. टाकणे भागच असेल तर आधी कंपनीला विचारावे. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. सरकारी मदत आणि विम्याची भरपाई या दोन वेगळ्या बाबी असल्याने, पंचनामा झाला म्हणून विम्याचा दावा दाखल करायचा राहू देऊ नये.