कटसीन व्हिडिओ ठेवायचा की इंजिनात चालवायचा? आधी हिरोचे कपडे बदलून बघा

कटसीन म्हणजे गेममध्ये मधेच येणारा, खेळायचा नाही तर नुसता बघायचा गोष्टीचा सीन. तो एकतर आधी करून ठेवलेला व्हिडिओ असतो, नाहीतर गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, तो त्या क्षणी काढतं. रेसिडेंट ईव्हिल ४ ज्यांनी २००५ मध्ये गेमक्यूब या कन्सोलवर खेळला आणि ज्यांनी पीएस टूवर (प्लेस्टेशन २) खेळला, त्या दोघांनी बघितलेला त्यातला हिरो लिऑन जरा वेगळा आहे. गेमक्यूबवर कटसीन इंजिन तिथल्या तिथे काढायचं, त्यामुळे लिऑनला तुम्ही दुसरा ड्रेस घातला असेल तर कटसीनमध्येही तोच दिसायचा. पीएस टूला ते झेपणारं नव्हतं म्हणून ते सीन रेकॉर्ड करून व्हिडिओ टाकले, आणि मग गंमत अशी की खेळताना साहेब सुटाबुटात, कटसीन सुरू झाला की अंगावर मूळचे कपडे, संपला की परत सूट. २००७ चा पीसी पोर्ट, म्हणजे पीसीवर आणलेला तोच गेम, पीएस टूवरनंच आलेला, त्यामुळे तिथेही तेच धुरकट व्हिडिओ.

एखाद्या गेमचा कटसीन कुठल्या जातीचा आहे हे ओळखायची सगळ्यात सोपी ट्रिक हीच. कपडे बदला, नाहीतर हातातली बंदूक बदला, आणि सीन बघा. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये हिरो सीजेला नुसत्या चड्डीवर फिरवत मिशन घ्यायला गेलात तर समोरचा माणूस गंभीर चेहऱ्याने बोलतोय आणि सीजे चड्डीवर ऐकतोय, म्हणजे रिअल टाइम, इंजिन तिथल्या तिथे काढतंय, शंकाच नाही. विचर ३ मध्ये हिरो गेराल्टची दाढी वाढते ती सीनमध्येही वाढलेलीच दिसते.

कपडे बदलायची सोय नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन आणि सावल्या एकदम खाली आणा. सीनही भंगार दिसायला लागला तर इंजिन, आणि गेम भंगार पण सीन मात्र चकाचक तर व्हिडिओ. किंवा सरळ गेमच्या फोल्डरमध्ये शिरा. मूव्हीज नावाचं फोल्डर आणि आत बीआयके, यूएसएम, एमपी फोर असल्या शेपटीच्या शेकडो एमबीच्या फायली दिसल्या की चोर सापडला. बीआयके म्हणजे बिंक, ती साध्या व्हीएलसीमध्येही चालते.

फक्त एक घोळ आहे. काही सीन इंजिनात बनवलेले असतात पण तुमच्यापर्यंत व्हिडिओ म्हणून येतात. २०१३ चा पीएस थ्रीवरचा लास्ट ऑफ अस घ्या, माणसं गेममधल्यासारखीच दिसतात पण सीन आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले. २०२२ ला तोच गेम नव्याने केला तेव्हा कुठे ते रिअल टाइम झाले. त्यामुळे नुसतं 'ग्राफिक्स सेम दिसतंय' म्हणून निकाल देऊ नका.

हे झालं ओळखायचं. आता स्वतःचा गेम करताना काय निवडायचं ते सांगतो, कारण तिथे मी मनसोक्त आपटलोय.

आमचा गेम छोटा, तीन मित्र, गोडो इंजिन, कृष्णाकाठच्या एका नावाड्याची गोष्ट. पहिला सीन मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ म्हणून करायचा हट्ट धरला, कारण पाण्यावरचा उजेड त्याच्या सायकल्स रेंडररमध्ये (फ्रेमची चित्रं काढणारा भाग) काय दिसतो राव! हिशोब मात्र नंतर केला. एका फ्रेमला साधारण २ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १ मिनिटाच्या सीनला १४४० फ्रेम आणि २८८० मिनिटं, म्हणजे पूर्ण ४८ तास पंखा घोंघावत लॅपटॉप चालू. त्यात मी शहाणा डायरेक्ट व्हिडिओ फाइल काढत होतो, दुसऱ्या रात्री लाईट गेली, चार्जर पण बंद, आणि उठून बघतो तर ती अर्धवट फाइल उघडायलाच तयार नाही. तेव्हा पहिला धडा: ब्लेंडरमधून कधीही थेट व्हिडिओ काढू नका, पीएनजीच्या सुट्या फ्रेम काढा. लाईट गेली तरी ९०० झालेल्या असतील तर ९०१ पासून पुढे चालू, आणि शेवटी सगळ्या जोडून व्हिडिओ करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पण खरा फटका पुढेच बसला. सीन तयार झाला, सगळ्यांनी वा वा केली, आणि महिन्याभराने आम्ही गेममध्ये दुकान टाकलं जिथे नावाडी घोंगडं विकत घेऊ शकतो. झालं! खेळणारा पावसात पैसे साठवून घोंगडं घेणार, आणि सीनमध्ये नावाडी उघडाबंब, वर कडक ऊन. परत रेंडर करायचं, म्हणजे सगळ्या फ्रेम परत काढायच्या, तर परत ४८ तास, आणि घोंगडं असलेला एक, नसलेला एक, पावसाचा, उन्हाचा असे चार व्हिडिओ. म्हणून आता कुठलाही सीन लिहायला घेतला की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: खेळणाऱ्याने आत्तापर्यंत जे काही केलंय त्यातलं या सीनमध्ये काही दिसायला हवं का? हवं असेल तर इंजिनातच, चर्चा नको. नको असेल, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा पूर असं काही दाखवायचंय, तर खुशाल व्हिडिओ करा.

जागेचाही हिशोब करून ठेवा. सेकंदाला २० मेगाबिटने १०८०पी व्हिडिओ ठेवला तर मिनिटाला १५० एमबी, ८ मिनिटांचे १.२ जीबी, आणि आमचा बाकीचा अख्खा गेम ४०० एमबी. हे दुखणं जुनंच आहे म्हणा. १९९७ चा फायनल फॅन्टसी ७ तीन सीड्यांवर आला तो मुख्यतः व्हिडिओंमुळे, आणि पुढच्याच वर्षीचा ऑकारिना ऑफ टाइम ३२ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसला कारण त्यातले सीन इंजिनच चालवायचं.

व्हिडिओ ठेवायचं ठरलंच तर दोन-तीन गोष्टी आधी बघा. गोडो स्वतःहून फक्त ऑग थिओरा नावाच्या प्रकारातले व्हिडिओ चालवतो, एमपी फोर टाकून 'का चालत नाही' म्हणून अर्धा दिवस घालवू नका. सबटायटल व्हिडिओत भाजू नका, म्हणजे चित्रातच छापू नका, वेगळी ठेवा, नाहीतर मराठीबरोबर हिंदी द्यायची म्हटली की परत सगळं आलं. आणि व्हिडिओ गेमपेक्षा फिकट, धुतल्यासारखा दिसत असेल तर बहुतेक रंगांच्या रेंजचा घोळ असतो, काळा रंग ० ऐवजी १६ पासून सुरू होतो, तो एक्स्पोर्ट करतानाच तपासा. व्हिडिओचा एक मोठा फायदा मात्र मान्य करायलाच हवा, तो चालू असताना मागे पुढची लेव्हल लोड करता येते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

इंजिनात करायचं असेल तर सीन रचायची साधनं इंजिनातच असतात: युनिटीत टाइमलाइन आणि सिनेमशीन, अनरिअलमध्ये सीक्वेन्सर, गोडोत ॲनिमेशनप्लेयर. चाचणी मात्र तुमच्याकडच्या सगळ्यात रडक्या लॅपटॉपवर घ्या. कॅमेरा कट झाला की समोरचं टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेलं चित्र) आधी चिखल आणि मग सेकंदाने साफ, हा प्रकार २००४ च्या हेलो २ मध्ये सुद्धा होता, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही, पण कट व्हायच्या आधीच ते टेक्स्चर लोड करून ठेवा.

दोन्ही झेपत नसेल तर तिसरी वाट आहे आणि ती कमीपणाची अजिबात नाही. २००१ च्या मॅक्स पेनने गोष्ट कॉमिकच्या चौकटींत सांगितली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० च्या राजी या गेममध्ये सावल्यांच्या बाहुल्या वापरल्या. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांवर रात्र रात्र गोष्ट सांगत आलीत, तेव्हा सपाट चित्रांनी माणूस बांधला जात नाही असं कोणी म्हणू नये. आमचा पुराचा सीन आता असाच आहे, सहा चित्रं आणि हळूहळू सरकणारा कॅमेरा, सगळं मिळून २० एमबीच्या आत.

राहता राहिलं स्किप बटण. व्हिडिओ स्किप करणं सोपं, थांबवला आणि पुढे गेलात. रिअल टाइम सीन स्किप करणं म्हणजे सीनच्या शेवटी जग जसं असायला हवं तसं नेऊन ठेवणं. मी ॲनिमेशनप्लेयरला सरळ शेवटच्या सेकंदावर सीक करत होतो, म्हणजे उडी मारायला लावत होतो, आणि त्यात मधले इव्हेंट (ठरल्या क्षणी चालायच्या आज्ञा) सुटून जातात, म्हणजे दोर सोडायचा इव्हेंट चाललाच नाही, नावाडी पैलतीरावर उभा आणि होडी अलीकडे घाटाला बांधलेली, परत यायला मार्गच नाही. आता प्रत्येक सीनला 'संपल्यावर' नावाचं एक फंक्शन आहे, होडी कुठे, दोर कसा, हातात काय हे सगळं त्यात, आणि सीन पूर्ण बघितला तरी किंवा स्किप केला तरी तेच एक चालतं. ते फंक्शन आधी लिहा, कॅमेरा नंतर हलवत बसा.