आयटीएटीत एमए टाकायच्या आधी

आयटीएटीची (इन्कम टॅक्स अपिलेट ट्रिब्युनल) ऑर्डर विरोधात गेली की लगेच एमए, म्हणजे ऑर्डरमधली चूक दुरुस्त करा असा अर्ज (मिसलेनियस ॲप्लिकेशन), टाकायची घाई होते, पण आधी ऑर्डर दोनदा वाचा आणि वाचताना पेपरबुक (ट्रिब्युनलला दिलेल्या कागदपत्रांचा संच) शेजारी उघडं ठेवा, कारण आयकर कायदा १९६१ च्या कलम २५४(२) खाली ट्रिब्युनलला फक्त रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक दुरुस्त करता येते, आपल्याला न पटलेला निकाल नाही. चूक एका वाक्यात लिहून बघा. ती समजवायला तीन पानं लागत असतील तर बहुतेक ती उघड चूक नाहीच, वोल्कार्ट ब्रदर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७१ लाच सांगितलंय की जिथे दोन मतं होऊ शकतात आणि लांबलचक युक्तिवाद लागतो ती उघड चूक नव्हे.

मग उघड चुकीत बसतं काय? एखादा ग्राउंड (अपिलातला मुद्दा) निकालात घ्यायचाच राहिला, आकडा किंवा वर्ष चुकलं, दाखवलेला निवाडा विचारातच घेतला नाही (होंडा सिएल, २००७), किंवा आपल्या हायकोर्टाचा वा सुप्रीम कोर्टाचा निर्णय सुटला (सौराष्ट्र कच्छ स्टॉक एक्स्चेंज, २००८). निवाडा दाखवला होता म्हणत असाल तर पेपरबुकचा पान नंबर आणि लेखी सबमिशनची शिक्क्याची कॉपी काढून ठेवा, नुसतं तोंडी बोललेलं नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं, हे कळकळीने सांगतोय.

मागणी लिहिताना तर खूपच जपा. पूर्ण ऑर्डर मागे घेऊन केस परत ऐका असं मागू नका, रिलायन्स टेलिकॉमच्या केसमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तेच चूक ठरवलंय, तेवढाच ग्राउंड, तेवढाच परिच्छेद धरा. तुमचंच अपील असून तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी ऑर्डर झाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आयटीएटीच्या नियमांतला नियम २४ आहे, त्यात ऑर्डर मागे घेऊन अपील परत ऐकता येतं, गैरहजेरीचं खरं कारण आणि पुरावा जोडा.

फी ५० रुपये, अर्ज तीन प्रतींत. मुदत ऑर्डर झाली तो महिना संपल्यापासून ६ महिने, २०१६ पर्यंत ४ वर्षं होती म्हणून जुने लोक अजून निवांत असतात, पण उशीर माफ करायची सोय या कलमात नाही.

आणि निकालच चुकलाय असं वाटत असेल तर कलम २६०अ खाली हायकोर्टात जा, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो आणि ऑर्डर मिळाल्यापासून १२० दिवस असतात, एमए टाकली म्हणून ते थांबत नाहीत, तेव्हा ऑर्डर मिळाल्याची तारीख आजच फाइलवर लिहा आणि अपिलाचा ड्राफ्ट एमएसोबतच सुरू करा.